भिंतीपलीकडचा बोअर

जानेवारी, मंगळवार, सकाळची बैठक. हजर: मी (साइटवरच्या कामाची प्रमुख), बॉयलर ऑपरेटर, आणि प्लॉटमालक कंपनीचे साहेब, नेहमीप्रमाणे बुटांना माती न लावता पत्र्याच्या शेडमध्येच बसलेले. गैरहजर: भिंतीपलीकडच्या खोल्यांमधलं कुणीही. त्यांना बोलवा, असं मी पहिल्या बैठकीपासून म्हणत होते.

भोसरीतल्या या प्लॉटवर पूर्वी सुटे भाग धुवायचा कारखाना होता. ग्रीस काढायचं सॉल्व्हंट फुटक्या गटारातून वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि मुरूम ओलांडून खडकाच्या भेगांत उतरलं. आता प्लॉट विकायचाय, म्हणून ते काढायचं. पद्धत सरळ आहे. काही पाइपांतून जमिनीत वाफ सोडायची. सॉल्व्हंट तापून त्याचीही वाफ होते. ती दुसऱ्या पाइपांतून पंपाने ओढून घ्यायची आणि थंड करून पिंपात भरायची. फक्त आसपास कुणी पाणी उपसत असेल तर ते आधी बंद करावं लागतं. नाहीतर उपसा होतो तिकडे सगळं धावतं.

भिंतीपलीकडे बैठ्या खोल्यांची रांग आहे आणि रांगेच्या टोकाला बोअर. तो बंद करणं माझ्या यादीत पहिलं होतं. साहेबांनी ते यादीच्या शेवटी ढकललं.

"मॅडम, बोअर बंद केला की टँकर द्यावा लागेल. टँकर दिला की लोक विचारणार, का देताय? तुम्ही वाफ सुरू करा, ते मी बघतो."

त्यांनी काहीही बघितलं नाही.

त्या मंगळवारी ऑपरेटरने सांगितलं की भिंतीकडच्या तपासणीच्या नळीत पाणी तापलंय. साहेब म्हणाले, मीटर खराब असेल. मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले.

बोअरपाशी बादल्यांची रांग होती आणि बायका खुशीत होत्या. कडाक्याची थंडी, आणि गेले काही दिवस बोअरला आपोआप गरम पाणी येत होतं. एकजण म्हणाली, अख्ख्या चाळीला गीझर बसलाय, आता सासूबाईंना कुरकुर करायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. पहिल्याच दारात एक आजी पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ पालथं. बाळंतपणाला आलेली लेक तांब्याने पाणी घालत होती. पाण्याला गोडसर वास होता. तो वास मी ओळखते.

मी तिच्या हातातला तांब्या धरला.

आजीने वर पाहिलं. "बाई, तुमच्या कंपनीनं सोडलंय व्हय हे? लई पुण्य लागंल. प्वार कसं गप ऱ्हातंय बगा ह्या पान्यात."

मी सांगितलं, हे कारखान्याचं विष आहे, गरम पाण्यातून हवेत उठतं आणि बाळाच्या नाकात जातं. माझा आवाज चढला. चढायला हवा होता तो दुसऱ्यावर. लेकीने बाळ उचलून छातीशी धरलं. आजी तशीच पाय पसरून बसून राहिली.

"मंग आदी का न्हाई सांगितलं?"

याचं उत्तर शेडमध्ये चहा पीत बसलं होतं.

परत आले आणि ऑपरेटरला म्हटलं, ओढायचे पंप चालू ठेव, वाफ बंद कर. साहेब उसळले. जमीन थंड झाली तर सगळं पहिल्यापासून, शिवाय बोअर बेकायदा, आपली जबाबदारीच नाही. "आपण कुठे त्यांना म्हणालो, अंघोळ करा?"

"मग उद्या तुमच्या नातवाला घाला," मी म्हणाले.

तोवर ऑपरेटरने व्हॉल्व्ह फिरवला होता.

दुपारी मी मायलेकींना आणि बाळाला रिक्षाने दवाखान्यात नेलं. छाती साफ आहे, पण लक्ष ठेवा, पुन्हा आणा, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळपासून टँकर सुरू झाला. बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड करायचंय. झाकण तयार आहे, शेडच्या दाराशी टेकवून ठेवलंय. खोल्यांचा मालक म्हणतो, का बंद करायचा ते कंपनीने लिहून द्यावं. साहेब म्हणतात, लिहून कशाला, तोंडी सांगू. मधल्या काळात मी मोटरची वायर काढून आणली. काल टँकर उशिरा आला, तेवढ्यात कुणीतरी दुसरी जोडली. पाणी अजून कोमट आहे, आणि झाकण दाराशीच.