बापूच्या खोलीतला एसी

फोन आला तेव्हा मी बापूच्या खोलीतला एसी बंद करायला गेले होते. बापू म्हणजे माझा धाकटा दीर, इथे आखातात हमद टाउनला आमच्याबरोबर राहणारा, बस चालवणारा. स्टॉपवर गाडी उभी करून त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललंच नाही. रिमोट माझ्या हातात तसाच राहिला आणि एसी चालूच राहिला, तो महिना उलटला तरी...

भर थंडीतही त्याला एसी लागायचा. माझी मुलगी कुडकुडत म्हणायची, "काका, इट्स फ्रीझिंग!" मीही चिडवायचे, "बापू, माणदेशात बर्फात जन्मलास का रे?" तो हसायचा, पण रिमोट द्यायचा नाही. एका संध्याकाळी चहा घेताना त्याने कारण सांगितलं. त्याच्या लहानपणी मेंढ्यांवर लांडगे यायचे. एकदा मेंढी मारली गेली, तेव्हा सासऱ्यांनी उरलेल्या मढ्यात विष घातलं. लांडग्याची मादी ओढ्याकाठी मरून पडली. पिल्लं घळीतच राहिली.

"आईला हाका मारत हुती, वैनी. लई वरडली... मग एकेक गप झाली. तसलं गपगार झालं की अजून काळजात धडधडतंय. एशी घुमतोय तवर बरं वाटतंय."

असं विष गावोगाव घातलं गेलं, त्यात माळ नांगरले, प्लॉट पडले, आणि लांडगे दिसेनासे झाले. लोक निर्धास्त झाले, बापूची त्या शांततेची भीती मात्र वाढली. सुट्टीवर गेला की दिवस कलताना माळावर कान देऊन बसायचा. गेल्या खेपेला परत आल्यावर मी विचारलं, "आलं का काही ऐकू?"

"मफी," तो म्हणाला. काहीच नाही.

घरात कुणी हाक मारली, की हातातला घास टाकून तो ओ द्यायचा. आंघोळीतूनसुद्धा! तेव्हा मला हसू यायचं.

परवा दुपारी धीर करून मी एसी बंद केला. घर एकदम गपगार झालं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुलीची हाक आली, "आई?" तिने पुन्हा हाक मारली, "आई..."

"ओ!" मी इतक्या जोरात ओरडले, की ती धावतच आली.

"व्हॉट हॅपन्ड, आई?"

मी तिला घट्ट धरलं आणि एसी परत लावला.