फासळ्या काढलेला ड्रम

आमच्या पडवीच्या कोपऱ्यात एक सागवानी पिंप आहे. आई त्यात सुकट ठेवते. एवढं देखणं पिंप कुठून आणलंत, असं पाहुणे विचारतात आणि आई चहाचं विचारून विषय बदलते. ते पिंप नाही. तो माझा बेस ड्रम आहे, पायाने वाजवतात तो मोठा, आणि त्याची ही गत मी केलेली आहे.

मी रेवदंड्याच्या एका बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचो. हळदी, लग्नं, शिमगा, पालख्या. टेम्पोवर चढायचं आणि खांदे भरून येईपर्यंत बडवायचं. पार्टीचा सेट प्लायचा होता. लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवून गोल वाकवायचे आणि वरून चकचकीत निळं प्लॅस्टिक मढवायचं, असा तो प्रकार. प्लाय वाईटच वाजतो असं नाही. चांगल्या प्लायचा आवाज आटोपशीर येतो, पाय मारला की येतो आणि वेळेवर जातो. आमचा मात्र स्वस्तातला, त्यात खाडीची हवा. थर सुटत चालले होते आणि जिथे थर सुटतो तिथे आवाज मरतो. ओल्या गादीला काठी मारावी तसं वाजायचं. शेवटी पार्टीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो, एक दिवस मला म्हणाले, "शिमग्याच्या आत बेस ड्रमचं काय ते बघ. न्हायतर तळा गावचा एक जण तयार हाय, त्याचा सोताचा सेट हाय."

म्हणजे माझी जागा जाणार होती. टेम्पोवरची ती दोन फूट जागा सोडली तर मला गावात कोणी ओळखत नव्हतं, हे खोटं कशाला बोलू?

माझे वडील होड्या बांधायचे. बांधायचे, असंच म्हणायला हवं, कारण फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. लाकूड तासायचा वाकस, रंधा, पटाश्या, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. जेवताना मी ड्रमचं रडगाणं लावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लाकडाचाच असतो ना तो?" मी हो म्हणालो. "मंग मी करतो," ते म्हणाले. खूप दिवसांनी ते दोन वेळा भात वाढून घेऊन जेवले.

मोडीत निघालेल्या एका होडीच्या सागवानी फळ्या त्यांनी बंदरावरून आणल्या. त्यांच्या अरुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीच्या कडा तिरक्या रंधल्या आणि एकीला एक भिडवत गोल जुळवत आणला. कागदावर एक रेघ न ओढता. जोडात नख शिरत नव्हतं. मी नुसता गोल टिचकी मारून पाहिला आणि अंगावर काटा आला. सलग लाकडाचे तंतू सरळ उभे असले की मध्ये अडवणारे आडवे थर नसतात, त्यामुळे ते लांबपर्यंत घुमतं. त्यातही ते पातळ असेल तर स्वतः थरथरतं आणि आवाज खोल जातो. जाड असेल तर स्वतः हलत नाही, तोंडावर ताणलेल्या पानाचाच आवाज कडक करून पुढे ढकलतं. बाबांनी पातळ रंधलं होतं, मी सांगितलं होतं तसं.

आणि मग त्यांनी घोळ घातला. वळणदार लाकूड जोडलं की आतून फासळ्या हव्यातच, हे त्यांच्या हातात मुरलेलं. विचारायचा प्रश्नच नव्हता. चार जाडजूड फासळ्या आतून ठोकल्या, वर आतबाहेर होडीचं तेल तीन वेळा पाजलं. पान चढवून मी पाय मारला. धप्. बस्स, एवढंच. चूक त्यांची म्हणावी तर चांगली होडी आवाज करत नाही, आणि जन्मभर त्यांनी लाकडाचा आवाज बंद करण्याचंच काम केलं होतं.

"बाबा, फासळ्या काढाव्या लागतील. अंग मोकळं पायजे त्याचं."

"काढल्यास तर पावसाळ्यात लाकूड वळंल. मंग येशील बोंबलत."

"ही होडी न्हाय, बाबा."

"लाकूड तेच हाय," ते म्हणाले.

दोन दिवसांनी शेठ चार वाजवणाऱ्यांना घेऊन ड्रम बघायला आले. बाबा स्वतः सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आले होते. शेठनी ड्रमवर दोन थापा मारल्या, आत डोकावून फासळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "हा काय वाजवायचा हाय? यात सुकट भरा!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. बाबांनी कप गोळा केले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न विचारता ड्रम रिक्षात घालून अलिबागला एका फर्निचरवाल्याकडे नेला. फासळ्या उखडल्या, तेल खरवडलं, दोन्ही काठ धारदार करून घेतले. काठ गोलसर असला की पान त्यावर जास्त टेकतं आणि आवाज दबतो, धार असली की मोकळा सुटतो. शिमग्यात काशीदला पालखीपुढे पहिला पाय मारला तेव्हा टेम्पोखाली नाचणारे वर बघायला लागले. तसा ड्रम मी आजवर ऐकलेला नाही. एका दुसऱ्या पार्टीवाल्याने खालून ओरडून विचारलं, "कुठून आणलास रे?"

"मुंबईवरून मागवलाय," मी म्हणालो.

बापाने घरी बनवलाय म्हटलं असतं तर तो हसला असता. मला तसं वाटलं. आपल्याकडे घरचं म्हणजे गावंढळ, ही अक्कल मला कोणी वेगळी शिकवली नव्हती. टेम्पोच्या मागच्या चाकाशी, टोपी हातात धरून, बाबा उभे होते. आपला ड्रम ऐकायला ते एकटे एसटीने आले होते, कोणाला न सांगता. माझी नजर गेली तसे ते वळले आणि रस्त्याला लागले.

चार दिवसांनी मला दिसलं, त्यांनी त्यांचा वाकस शेजाऱ्याला सरपण फोडायला देऊन टाकला होता.

पावसाळ्यात लाकडाने ओल धरली आणि ड्रम अंड्यासारखा झाला. पानाची रिंग एका बाजूला बसेना, दुसऱ्या बाजूला पानाला सुरकुत्या. गणपतीत माझ्या जागेवर तळ्याचा माणूस चढला. नंतर एका जुन्या वाजवणाऱ्याने समजावलं की पातळ अंगाच्या ड्रमच्या दोन्ही काठांना आतून एकेक बारीक कडं चिकटवतात. आकार राहतो, मधलं अंग मोकळं राहतं. त्या चार फासळ्यांतून तशी दोन कडी बाबांनी एका दुपारी काढून दिली असती. मी फक्त नीट विचारायला हवं होतं.

ते कळलं त्याच दिवशी मी ड्रम उचलून ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवला. ते जाळं शिवत बसले होते.

"बाबा, जरा बघता काय? दोन कडी घातली तर व्हईल सरळ."

त्यांनी सुई खाली ठेवली. फुगलेल्या काठावरून हात फिरवला, आत हात घालून फासळ्यांच्या खिळ्यांची भोकं एकेक करून चाचपली. चारही फासळ्यांची. मला वाटलं, झालं, आता रंधा मागतील.

"मुंबईवाल्याला दाखव," ते म्हणाले आणि सुई उचलली.