जामीनदाराची मोटार

अफसानाला मी पाचवी ते सातवी गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ती पुन्हा पडताळून पाहायची, आणि कुणी घाई केली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिचे वडील जमील मिस्त्री बीडजवळच्या लिंबागणेशच्या बसस्टँडपाशी पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतात. पोरगी इंजिनिअर व्हावी म्हणून त्यांनी बँकेकडून पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतलं. जामीनदार म्हणून सही केली सुंदररावांनी. ते गावातले बागायतदार, मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक. त्या सहीनंतर जमील त्यांच्यासमोर खुर्चीवर बसेनासे झाले.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा अफसाना माझ्याकडे आली. "गुरुजी, मला कॉलेज सोडायचंय."

ती सगळ्या विषयांत पास होती, म्हणून मी कारण विचारलं.

"तिथं मोटार फळ्यावर असते, हातात येतच न्हाई. मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. पण मधूनच सोडलं तर बँक पाच लाख एकदम मागंल. आमच्याकडं न्हाईत, मग वसुली सुंदररावकाकांच्या शेतावर येईल. काका आधीच नाराज हायत."

नाराजीचा पुरावा असा, की गेल्या सहा महिन्यांत सुंदररावांची मोटार दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा दुरुस्तीला बीडला गेली. त्यांना सहीचा पस्तावा होतोय, असं बापलेकीनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून पोरगी नको असलेली आणखी तीन वर्षं ओढायला तयार झाली होती.

मी म्हटलं, "आधी बँकेत विचारू."

बँकेतल्या बाईंनी खातं उघडून पाहिलं. "पाच लाख मंजूर आहेत, पण कॉलेजला गेलेत फक्त पहिल्या वर्षाचे पंच्याण्णव हजार. तेवढेच आणि त्यावरचं व्याज फेडायचं. मात्र दुसऱ्या वर्षाची रक्कम पुढच्या सोमवारी जाईल. त्याआधी कॉलेज सोडल्याचा दाखला आणि अर्ज आणा. हप्ते बांधून देते. जामीनदाराची सही लागेल."

अफसानानं दोनदा विचारलं, "पंच्याण्णव हजारच ना?" बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि बाटलीभर पाणी प्यायली.

घरी हे ऐकून जमील आधी भडकले. "मी हात काळे केले ते तुझेही काळे व्हावेत म्हणून?"

"अब्बा, काळेच व्हायचे असतील तर नीट शिकून होऊ द्या."

त्यांनी तिच्या हातात कॉलेजला जायचं बसभाडं ठेवलं. दोन दिवसांत तिनं कॉलेजातून दाखला आणला. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं सुंदररावांच्या गोठ्यापाशी पोचलो. खुर्च्या मांडल्या तरी जमील नेहमीसारखे उभेच. अफसानानं स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता. सुंदररावांनी चष्मा पुसून अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाले, "सही करतो. पण मिस्त्री, तू आधी बस."

जमील बसले.

"मागल्या वर्षी तू मोटार भरून दिली, पैसे घेतले न्हाईस. कावून?"

"तुमी सही केली ना, मालक."

"म्हणून जन्मभर फुकट करून घेऊ? मला लाज वाटती बे! त्यापायी बीडला नेतो. तिथला लई लुटतो, अन् मोटार तीन महिन्यांत पुन्हा धूर काढती."

जमील माझ्याकडे पाहत राहिले. आधी मला हसू आलं, मग अफसानाला. ती तर तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"हप्ते किती दिवस?" सुंदररावांनी तिला विचारलं.

"चार वर्षं, काका."

"तोवर माझं नाव कागदावर हाय. तोवर मोटारीचे पुरे पैसे घ्यायचे, अन् त्यातून हप्ते भरायचे. कबूल?"

"कबूल," बापलेक एकदम म्हणाले.

त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली. सोमवारी बँक उघडायच्या आधीच अफसाना कागद घेऊन दारात उभी होती.

आता अफसाना आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी दुकानात बसते, तांब्याच्या तारेचे वेढे मोजते आणि पुन्हा मोजते. या वेळी सुंदररावांची मोटार तिनंच भरली. पुऱ्या पैशांचं बिल घेऊन जमील स्वतः त्यांच्याकडे गेले होते, आणि चहा होईपर्यंत खुर्चीत बसले.