पिवळ्या नळीतली वायर

गाडी इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं खाली बसायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. कापूरहोळच्या आमच्या दुकानात ट्रॅक्टर येतात, टेम्पो येतात, जीपगाड्या येतात. त्यांच्यात चढायची सवय. खाली उतरून शिरायची गाडी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. दोन दारं, लाल रंग, वय पंचवीसच्या पुढं. मालक म्हणजे पानशेतला घर बांधून राहिलेले पुण्याचे गृहस्थ. केस पांढरे, पण गाडीबद्दल बोलायला लागले की लग्नाळू पोरासारखे.

त्यांना गाडीत रस्ता दाखवणारी स्क्रीन बसवून हवी होती. नकाशे तिच्या पोटातच असतात, मोबाईलची रेंज लागत नाही.

"वेल्ह्याच्या पुढे मोबाईल मुका होतो, मावशी," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात वाट चुकून धनगरवाड्यावर पोचलो. त्यांनी चहा पाजला, पण गाडी वळवायला सहा माणसं लागली."

"उचलूनच फिरवली असंल," आमचे हे खुर्चीवरून म्हणाले.

"उचलूनच!"

सगळे हसलो. मग ते गृहस्थ हळूच म्हणाले, "एक सांगून ठेवतो. हिचं वायरिंग आता कुठेच मिळत नाही. जळलं तर गाडी संपली."

माझं हसू तिथंच थांबलं. कारण गाडी येणार हे आधीच ठरलेलं, आणि सकाळी घरून निघतानाच यांनी मला निक्षून सांगितलं होतं, "आज त्या गाडीचं काय वाकडं झालं तर दुकान बंद. भाड्यानं देऊन टाकू. लोकांचं नुकसान करून आपल्याला पोट न्हाई भरायचं."

दुकान मूळचं यांचं. मी जेवणाचा डबा घेऊन यायची, मग पक्कड दे, वायर धर, असं करत बसायला लागले आणि बघूनबघून जोडायला शिकले. शिकवलं कुणी नाही. यांचे हात थरथर कापायला लागले तेव्हापासून काम मी करते आणि हे खुर्चीत बसून सांगतात. आता दुकान गेलं तर मी दिवसभर घरी काय करू? भिंती बघू?

तर मी डाव्या बाजूनं डॅशबोर्डाखाली उताणी पडले. डोकं पाय ठेवायच्या जागेत, पाय सीटवर, चष्मा कपाळावर सरकलेला. जुना गाण्याचा टेप आधीच बाहेर काढला होता. त्याच्यामागं कुणीतरी कधीकाळी वायरी नुसत्या पिळून सोडलेल्या. स्क्रीनला लागतात तीन गोष्टी. एक करंट कायमचा, एक चावी फिरवली की येणारा, आणि एक अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जायची वायर. करंट शोधायला आमच्याकडं टेस्टचा दिवा असतो. त्याचा चिमटा पत्र्याला लावायचा, पिन वायरीत टोचायची. बल्ब पेटला की करंट आहे. ट्रॅक्टरला हजारदा केलेलं काम.

पण पन्नास वायरींत कुठली टोचू?

"पिवळं काय दिसतंय का?" हे बाहेरून म्हणाले.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. हे गाण्याच्या टेपची लाईन पहिल्यापासून पिवळ्या चिकटपट्टीनं गुंडाळत आले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तेच धरलं. भोरकडचा, वेल्ह्याकडचा कुठलाही टेम्पो उघडा, पिवळं दिसलं की समजायचं, ही गाण्याची लाईन.

"दिसतंय," मी म्हणाले. टेपच्या खाचेमागून एक पिवळा जुडगा वर गेला होता.

"मग झालं. तीच लाईन. मार पिन."

गृहस्थ स्टेअरिंगपुढं बसलेले, हात चावीवर. मी सांगेन तेव्हाच ती फिरवायची. मी डाव्या हातानं जुडगा धरला आणि सवयीनं पट्टीचं टोक नखानं चाचपायला लागले. टोक सुटं करून मगच पिन टोचते मी. नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. टोक लागेना. पट्टी नव्हतीच ती. सलग नळी होती, कारखान्यातून आलेली.

"झालं का?" हे म्हणाले.

"थांबा."

"अगं, थांबतीस काय! पिवळी हाय न्हवं? आयुष्य गेलं माझं ह्याच्यात."

"व्हय, पण हिला टोक न्हाई."

"टोकाचं काय घेऊन बसलीस? मार की!"

मी हातानं नळीचा माग काढला. ती वर वर जात थेट स्टेअरिंगच्या खोडात शिरली होती. गाण्याचं तिथं काय काम? मी आतूनच विचारलं, "साहेब, तुमच्या ह्या चाकात काय हाय?"

"हॉर्न," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि एअरबॅग."

त्यांचं तोंड त्या चाकापासून हातभर लांब होतं. माझी पिन नळीपासून बोटभर.

"खाली उतरा," मी म्हणाले. "चावीला हात लावू नका. आधी खाली उतरा."

त्यांनी उतरून गाडीचं जुनं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि वाचूनच दाखवलं. पिवळ्या नळीतल्या वायरींना दिवा लावून तपासू नये, एअरबॅग फुटू शकते.

मग मी पिवळा जुडगा फडक्यानं बाजूला बांधून टाकला. दिवा ठेवून दिला आणि मीटर घेऊन दाराजवळच्या फ्यूज बॉक्सवर दोन्ही करंट शोधले. बॅटरी सोडली, पुस्तकात लिहिलंय तितका वेळ थांबले, सांध्यांना कथलाचा डाग दिला, स्क्रीनला वेगळा फ्यूज घातला. जुनी एकही वायर कापली नाही. जेवायची वेळ टळून गेली, पण कुणी डबा उघडला नाही.

बॅटरी जोडली. गृहस्थांनी बाहेरूनच हात घालून चावी फिरवली. एअरबॅगचा लाल दिवा पेटला. "हा पेटून विझायला हवा," ते म्हणाले. विझला नाही तर समजायचं, आत काहीतरी बिघडवलं. मी जळका वास येतो का म्हणून नाक डॅशबोर्डाला लावून वाकलेली. दिवा तसाच. आणि मग गेला तो. विझला! स्क्रीन उजळली, पण पत्र्याच्या शेडखाली तिला आभाळातला सिग्नल सापडेना. गाडी ढकलून बाहेर काढली तर पानशेतचा रस्ता निळा दिसायला लागला.

गाडी गेल्यावर यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "म्या पिन मारली असती."

"म्हाईत हाय मला."

"त्यांच्याम्होरं मला बोलली न्हाईस."

"त्यात काय बोलायचं?"

हे कापते हात मांडीखाली घालून बसले. "भाड्यानं दिलं तर घेणारा बी तशीच पिन मारील," ते म्हणाले. "न्हाई द्यायचं कुणाला. डबा काढ, भूक लागलीय."