सुटलेली चौकट

तळेगाव दाभाड्याची फलक इनामदार नीटनेटकेपणाच्या बाबतीत भारी हट्टी. फळीवरचा डबा तिरका दिसला तरी तिला घास गोड लागत नसे. नोकरीही तिला साजेशीच मिळाली होती. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कम्पायलर, आणि फलकनं त्याच्या चुका शोधायच्या. प्रोग्राम कुठून कुठे जातो हे चौकटी आणि बाण काढून दाखवणारं टूल तिनंच हौसेनं बसवलं होतं. आंबीच्या एका कारखान्यातल्या पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसचा नवा प्रोग्राम तिनं त्यावर पाहिला, सगळे बाण जागच्या जागी दिसले, आणि सकाळीच तिनं ‘चालेल’ म्हणून कळवून टाकलं. त्याच दिवशी तो प्रेसवर चढायचा होता. तिचा थोरला भाऊ जावेद त्याच प्रेसवर कामाला होता.

चहा घेता घेता तिनं चित्र पुन्हा उघडलं. एवढा मोठा प्रोग्राम एका पडद्यावर मावला कसा? चित्रात गर्दी नको म्हणून बाण न लागलेल्या चौकटी लपवायची सेटिंग तिनंच करून ठेवली होती. ती तिनं काढली. कोपऱ्यात एक चौकट उगवली: ‘हात आत आला, प्रेस थांबव’. त्या चौकटीकडे जाणारा बाण कम्पायलरनं बिनकामाचा समजून छाटला होता. अति तिथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

कारखान्यात मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे जावेदचा फोन लॉकरमध्ये. तिचे साहेब खंडाळ्याच्या घाटात, रेंजच्या बाहेर. तिनं कारखान्याच्या गेटवर फोन लावला. वॉचमन हनुमंतकाका ओळखीचे होते.

“काका, भाईला बाहेर बोलवा. अम्मीला बरं नाही म्हणा.”

“बोलावतो की. त्येच्या जागी दुसरा हुबा करत्यात लगीच, काळजी न्हाई.”

दुसऱ्यालाही हात दोनच असतात.

“नको काका. आगीचा भोंगा वाजवा.”

“आग कुटं लागलीया?”

“आग नाही. माझी चूक झालीय. प्रेस थांबणार नाही, कुणाचा तरी हात जाईल. माझं नाव सांगा, नोकरी गेली तर माझी जाईल. वाजवा!”

मग फोनमधूनच भोंगा कानात घुसला. फलक फोन घट्ट धरून उभी राहिली. किंकाळी ऐकू येते की काय, म्हणून ती कान देऊन ऐकत होती.

बऱ्याच वेळानं फोनवर जावेद आला. “फलक, काय तमाशा लावलायस? आख्खी शिफ्ट मैदानात उभी आहे.”

“भाई, तुझे हात?”

“हात? हातांना काय झालंय?”

फलक मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.