आक्कांचा हापसा

माती तपासायला गेले की लोकांना वाटतं, बाई जागा विकत घ्यायला आली. मग आधी खुर्ची येते, नि मग पाणी. त्या गल्लीतही तसंच झालं.

जागा होती बंद पडलेल्या प्लेटिंगच्या कारखान्याची. गाड्यांच्या लोखंडी भागांवर तिथं चकाकी चढवायचे. मालक गाशा गुंडाळून गेला, शेड पडलं, बाभळी माजल्या. गल्लीला तिथं अंगणवाडी हवी होती, नि लग्नाबारशाला एक हॉल. त्यासाठी महापालिकेचे उंबरे झिजवले ते आक्कांनी. साठी उलटलेली बाई, पण साहेबांनाही टेबलाखाली लपायला लावील अशी. आधी माती तपासा, असं महापालिकेनं सांगितलं, नि काम आमच्या शाहूपुरीतल्या प्रयोगशाळेत आलं. म्हणजे माझ्या गळ्यात.

आक्कांचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. दारातच हापसा.

"पावणं, आधी पाणी घ्या. मग काय उकरायचं ते उकरा."

ऊन मी म्हणत होतं. तांब्या घेतला नि घटाघटा प्याले. ह्याच कामात केस पांढरे झाले माझे, नि पाणी कुठलं एवढं विचारायची अक्कल नाही! पण कोल्हापुरात पुढं आलेल्या तांब्याला नको कोण म्हणतंय?

"मालकांनी मारलेली बोर हाय," आक्का म्हणाल्या. मालक म्हणजे त्यांचे वारलेले यजमान. "म्हापुरात नदी गल्लीच्या तोंडाला आलती, पण नळाला थेंब न्हवता. पंपच बुडालतं. तवा आख्खी पेठ हितलं पाणी न्हेत हुती. एकालाबी न्हाय म्हटलं न्हाय मी."

पूर ओसरल्यावर मंडळानं त्यांचा साडी-नारळ देऊन सत्कार केला होता. तेव्हापासून गल्लीला सवयच लागली. नळाचं पाणी धुण्याभांड्याला, प्यायला आक्कांचं. आक्का सांगत होत्या नि बोलता बोलता हापशावरून हात फिरवत होत्या, जणू दारातली म्हैस. इतका अभिमान मी पदक मिळवलेल्या माणसाच्या तोंडावरही बघितला नाही.

"आणि पाणी कसं म्हायत हाय? महिनाभर बॅरलात ऱ्हाऊ दे, डासाची अळी हुईत न्हाय. डेंग्यूचं बघायला पोरी येत्यात, त्या आमची गल्ली सोडून पुढं जात्यात!"

मी हसले. नि पुढच्याच क्षणाला डोक्यात आलं: जे पाणी अळीला मानवत नाही, ते ह्या माणसांना कसं मानवणार?

पिशवीतून काचेची बाटली काढली, हापसून भरली, उन्हात धरली. पाण्याला फिकट पिवळी झाक होती. स्टीलच्या तांब्यात ती कळणं शक्यच नव्हतं.

"आक्का, रिपोर्ट येईपर्यंत हे पिऊ नका."

"आत्ताच तर प्यालासा की तुमी!" असं म्हणून त्या खो खो हसल्या.

कारखान्याच्या जागेत माती काढायचं गिरमीट वीतभर आत गेलं नि पिवळी-हिरवी माती वर आली. वापरलेलं पाणी त्या कारखानदारानं वर्षानुवर्षं मागच्या भिंतीपाशी खड्ड्यात सोडलं होतं. ते मुरत मुरत बोरला लागलं. रिपोर्ट आला तेव्हा माती वाईट होती नि पाणी त्याहून वाईट. क्रोमियम, आणि तेही कॅन्सर करणाऱ्या जातीचं. त्या कारखानदाराचं तळपट होवो, असं मी ऑफिसात मोठ्यानं म्हणाले. साहेब दचकले. दचकू देत.

गल्लीला सांगायचं काम माझ्यावरच आलं. मंडळाच्या मंडपात सगळी जमली. अंगणवाडी आत्ता नाही, आधी ती माती उचलावी लागेल, हे ऐकून थोडी ओरड झाली. मग मी हापशाचं सांगितलं. एका पोरीनं कडेवरच्या लेकराकडं बघितलं, आणि एकदम पदराखाली घेतलं त्याला. आक्कांना कुणी चकार शब्द बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एकेक जण उठून, त्यांच्याकडं न बघता, घरी गेला.

आक्कांनी मला एकच विचारलं. "म्हापुरातबी असंच हुतं पाणी?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं.

"असणार, आक्का," मी म्हटलं.

काही आठवड्यांनी आसपासच्या बोरचं पाणी घ्यायला परत गेले. महापालिकेनं हापशाला धोक्याचा लाल रंग फासला होता, दांडा काढायचे कष्ट मात्र घेतले नव्हते. कोपऱ्यावर टँकर उभा होता, गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत. आक्का दारात एकट्या बसलेल्या. शेजारी भरलेला तांब्या. मी थोडं पाणी बाटलीत ओतून बघितलं. पिवळं.

"आक्का! वेड लागलंय का तुम्हाला?" मी गल्ली गोळा होईल एवढ्यानं ओरडले.

त्यांची सून रांगेतून धावत आली. "तुमीच सांगा म्याडम. आमचं ऐकत न्हाईत. टँकरच्या पाण्याला हात लावत न्हाईत."

"सगळ्यास्नी मी पाजलंय," आक्का म्हणाल्या. "पोराबाळांच्या पोटात गेलंय ते. मग माझ्याच पोटात नगं व्हय?"

मी रागानं तांब्या उचलला नि सगळं पाणी गटारीत ओतलं. आक्कांनी माझ्या हातातून रिकामा तांब्या घेतला, भिंतीला धरून उठल्या, नि हापसायला लागल्या.