दाजींचं ओलं बोट

कुठंही गेले की दाजी आधी उजव्या हाताचं बोट तोंडात घालायचे, ओलं करायचे आणि डोक्याच्या वर उभं धरायचे. डोळे मिटून क्षणभर थांबायचे, एखादा मोठा गवई सूर लावण्याआधी थांबतो तसे. मग जाहीर करायचे, "वारा आपला हाय." त्यानंतरच मला मंडपाचा पहिला खांब रोवायची परवानगी मिळायची.

वाचकहो, एखाद्या माणसाला मनापासून तुच्छ लेखण्यात जे सुख असतं, ते दाजींनी मला वर्षानुवर्षं फुकट पुरवलं. दाजी येणार म्हटलं की माझा दिवस आनंदात जायचा.

माझा बदनापुरात मंडपाचा धंदा. खुर्च्या, सतरंज्या, लाउडस्पीकर, सगळं भाड्यानं. रस्ता सोडून आत गेलं की मळीपासून दारूचा अर्क काढणारा एक कारखाना होता. त्याचं नाव विचारू नका. तिथं तपासणीला कुणी साहेब आला की मंडप माझा आणि स्वागत दाजींचं. दाजी तिथले पर्यावरण अधिकारी. त्याआधी ते स्टोअरमध्ये नट-बोल्ट वाटायचे.

नट-बोल्टांतून ते पर्यावरणात कसे आले, तेही ऐका. कारखान्याच्या उतारावर एक वाडी आहे. मोसंबीच्या बागा, प्रत्येक बागेत विहीर. कारखान्याचं काळं सांडपाणी एका कच्च्या तळ्यात साठायचं, आणि ते जमिनीतून मुरत त्या विहिरींत उतरायचं. वाडीची माणसं चहाच्या रंगाच्या पाण्याचे हंडे घेऊन फाटकावर भांडायला यायची. मालकानं एक दिवस चौकशी केली आणि त्याला कळलं, की आपल्या स्टोअरकीपरची सासुरवाडी हीच. दुसऱ्या दिवशी दाजींची खुर्ची फाटकाजवळ आली.

आमच्याकडे एका घरचा जावई तो अख्ख्या गावचा जावई. त्याच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही, म्हातारासुद्धा नाही. हंडे घेऊन आलेल्या माणसांनी खुर्चीत कोण बसलंय ते पाहिलं, हंडे खाली ठेवले आणि विचारलं, "दाजी, कवा आलात? चहा झाला का?" चहा झाला होता. माणसं हंडे उचलून परत गेली. प्रदूषण-नियंत्रणाचं याहून स्वस्त यंत्र देशात कुणी बसवलं असेल असं मला वाटत नाही.

पाण्याचा कायदा तेव्हा आधीपासून होता. साहेब येणार म्हटलं की दाजी शेवटच्या छोट्या तळ्यात टँकरनं स्वच्छ पाणी सोडायचे आणि त्यात बदकं. बदकं कुठून तरी टोपलीत घालून उसनी आणायची. साहेबानं पोहणारी बदकं पाहिली, मान डोलावली, वडे खाल्ले. एकदा एक आगाऊ बदक बांध ओलांडून मोठ्या तळ्यात शिरलं आणि गडद तपकिरी होऊन परत आलं. साहेबाच्या हातातला वडा तसाच राहिला. दाजी शांतपणे म्हणाले, "ती जातच येगळी हाय, साहेब." साहेबानं वडा संपवला.

एक्क्याऐंशी साली हवेचा कायदा आला. देशानं हवेकडे लक्ष दिलं, म्हणून दाजींनी चिमणीकडे लक्ष दिलं. ती चांगली उंच करवून घेतली. धूर कमी झाला का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत ते म्हणाले, "धूर आपल्या हद्दीत पडला तर प्रदूषण. पल्याड पडला तर हवामान." हे वाक्य मी आजवर निदान शंभर पंगतींत सांगितलं असेल. हशा हमखास.

मग भोपाळ झालं. एका रात्रीत माणसं अंथरुणात मेली, जी पळाली त्यांतली किती तरी वायूच्याच दिशेनं पळाली. त्यावर विनोद मलाही करता येत नाही. देश हादरला, शहाऐंशी साली मोठा कायदा आला, त्याच्या पाठोपाठ नियम. आमच्या कारखान्यालाही सूचना मिळाली, की वारा कुणीकडे वाहतो ते कामगारांना दिसावं म्हणून उंच खांबावर कापडी नळी लावा, विमानतळावर असते तशी. दाजी माझ्याकडे आले. मी मंडपाच्या उरलेल्या भगव्या-पांढऱ्या कापडातून शिवून दिली. वाडीच्या बायकांनी तिचं नाव ठेवलं बाही.

बाही चढवली, वारा भरला आणि ती ताठ होऊन थेट वाडीकडे बोट दाखवू लागली. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसावं असं. दाजींनी दिवसभर ती पाहिली. संध्याकाळी माणूस चढवून तारेनं बांधून घेतली. टोक पलीकडच्या उजाड टेकडीकडे, कायमचं.

"आता वायू सुटला तर लोकांनी पळायचं कुणीकडं?" मी विचारलं.

"पळायला कशाला लागतंय? आपण हाय ना."

पुढं कारखान्यांनी आपल्या पर्यावरणाचा अहवाल दरवर्षी आपणच लिहून द्यायचा, असा नियम निघाला. हा नियम दाजींना फार आवडला. म्हणाले, "शाळेत असं असतं तर मी मॅट्रिक झालो असतो."

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायची राहिली. वाडीत एका लग्नात मंडप माझा होता. उन्हाळा कडक, आणि दाजींच्या सासूबाईंनी आटवलेली बासुंदी नासली. वाटी तोंडाशी नेली की माणसं खाली ठेवत होती. दाजींनी मात्र वाटी संपवली आणि आणखी मागितली. बायका एकमेकींना म्हणाल्या, जावई असावा तर असा, सासूचं मन मोडलं नाही. दाजींच्या सासूबाई पदराआडून हसल्या, त्यांचं तोंड किती तरी वेळ फुललेलं होतं. मी खांबाला टेकून उभा होतो. मनात म्हटलं, या माणसानं जीभसुद्धा भाड्यानं दिली आहे.

सत्त्याण्णव साली सरकारला सुचलं, की कारखाना काढायचा किंवा वाढवायचा तर तिथल्या लोकांनाही विचारावं. जनसुनावणी. मंडपवाल्यांच्या दृष्टीनं हा सर्वांत चांगला कायदा. त्यानंतर लवकरच आमच्या मालकाला कारखाना दुप्पट करायचा झाला, आणि त्यासाठी दुसरं तळं हवं होतं. ते येणार होतं वाडीच्या अगदी डोक्यावर, दाजींच्या सासूबाईंच्या विहिरीला लागून. एका तळ्यानं पाण्याचा चहा केला होता. दुसऱ्यानं बागा उभ्या जळाल्या असत्या, हे वाडीतल्या लहान-थोर सगळ्यांना कळत होतं. वाचायचा रस्ता एकच होता. भर मंडपात, साहेबासमोर, उभं राहून नाही म्हणायचं.

मालकानं माईक दाजींच्या हातात दिला. जावयासमोर नाही कोण म्हणणार?

दाजींनी आदल्या दिवसापासून बोट चोखून चोखून जागा ठरवली. कारखान्याच्या पूर्वेचं मैदान. सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे दुर्गंधी पलीकडे जाणार. दुपार झाली की तो फिरतो. "सुनावणी सकाळची हाय," दाजी म्हणाले. "जेवणाआधी सगळं बराबर उरकतंय."

साहेब आले जेवणाच्या वेळेला. आणखी कुठल्या तरी उद्घाटनात अडकले होते. दाजी एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे बोट वर धरून फिरत होते, मधूनच साहेबांच्या कानाशी लागून, जल्दी सुरू करा, असं विनवत होते. पण आधी हार, मग नारळ, मग जेवण. साहेबांनी जिलबी पुन्हा मागितली, तेव्हा मी दाजींच्या तोंडाकडे पाहत होतो. असा तमाशा मला तिकीट काढूनही मिळाला नसता.

सुनावणी सुरू झाली आणि वारा फिरला. कुजलेला गूळ आणि मेलेलं जनावर एकत्र शिजवलं तर जसा वास येईल, तसा तो मंडपात शिरला. साहेबांचा रुमाल नाकाला लागला, बायकांचे पदर. मागं खांबावर बाही निमूटपणे टेकडीकडे बोट दाखवत होती. आणि दाजी माईकवर सांगत होते, की आपल्या कारखान्याची हवा जिल्ह्यात एक नंबर आहे. सांगता सांगता ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, बहिरा माणूस दुसऱ्याच्या ओठांकडे बघतो तसे. मला तेव्हा ती बेशरमी वाटली.

साहेबांनी रुमालातून विचारलं, कुणाची हरकत? वाडी खाली मान घालून बसली होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "हरकत नाही असं लिहितो."

तेव्हा दाजींच्या सासूबाई उठल्या. या बाईंना जावयासमोर मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. डोक्यावरून पदर, हातात झाकलेला तांब्या. त्या सरळ दाजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि झाकण काढलं.

"जावईबापू, ह्ये हुंगा."

दाजींनी हुंगलं. "पाणी हाय, मामी."

"कसं हाय?"

"चांगलं हाय की."

मंडप हसला. साहेब हसले, मालकाचे कारकून हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. एवढ्या वर्षांनी हा लबाड रंगेहाथ सापडला होता. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात बोलल्या, पण दाजींच्या हातात माईक होता आणि लाउडस्पीकर माझे होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या लग्नात बासुंदी नासल्याली व्हती. तुमाला कळलं न्हाई व्हय?"

दाजींनी पुन्हा एकदा तांब्यात नाक घातलं.

"कवापासून?"

"लई वर्षं झाली, मामी. दिवसरात्र त्या तळ्यावर ऱ्हायलो, गेलं नाक." मग आणखी हळू, "कुणाला सांगू नका. नोकरी जाईल." तेही पार मागच्या सतरंजीपर्यंत गेलं.

आता कुणी हसेना. सासूबाईंनी तांब्यावर झाकण ठेवलं आणि त्या साहेबांकडे वळल्या. "लिवा, साहेब. ह्यो तुमच्या हवापाण्याचा अधिकारी हाय, अन् ह्याला वास येत न्हाई. माझी हरकत हाय. माझी पहिली लिवा."

सासूच उभी राहिल्यावर मग गाव कशाला बसून राहील? एकेक माणूस उठला. म्हातारे उठले, बायका उठल्या, आणि दाजींना हात जोडून, त्यांची माफी मागून, प्रत्येकानं हरकत नोंदवली.

इथं मला दाजींची कीव आली असं लिहिलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी घरी जाताना चिडलो होतो. नाक मेलं होतं हे खरं. बोट मात्र जिवंत होतं. दुर्गंधी कुणाच्या घरात जाते, हे त्या बोटाला रोज कळत होतं, आणि तरी ते म्हणत होतं, वारा आपला आहे.

दुसऱ्या तळ्याला परवानगी मिळाली नाही. जुनं तळं राहिलं, पण त्याला अस्तर घालायचा हुकूम झाला, आणि पुढं विहिरीच्या पाण्याचा कडक चहा फिकट झाला. दाजींची नोकरी गेलीच. कारखान्यानं पुण्याहून शिकलेला, लॅपटॉपवाला अधिकारी आणला. अहवाल जाड झाले, त्यांत रंगीत चित्रं आली. बदकंसुद्धा चित्रातच आली, त्यामुळे टोपलीचा खर्च वाचला.

सासूबाईंना मुलगा नव्हता. त्यांनी लेक-जावयाला वाडीवरच ठेवून घेतलं. दाजी बाग बघू लागले. मी एकदा गेलो होतो, तर त्यांनी मोसंबी सोलली, साल माझ्या नाकाशी धरली आणि विचारलं, "सांगा, वास कसा येतोय?"

"कारखान्यासारखा," मी म्हणालो. जुनी सवय.

ते हसले नाहीत. साल त्यांनी खिशात ठेवली.

गेल्या महिन्यात दाजी गेले. तेराव्याचा मंडप मीच घातला. चूल पेटली होती, धूर कुणीकडे जाईल ते बघायला नकळत माझं बोट तोंडात गेलं आणि वर झालं. सासूबाई ओसरीतून बघत होत्या. आता पार वाकल्या आहेत.

"कुणीकडून हाय?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याकडून, मावशी. मंडप फिरवून घेतो. पंगत पाठ करून बसवू."

"न्हाई. तोंड तिकडंच ऱ्हाऊ द्या."

पहिल्या पानावर कारखान्याचा लॅपटॉपवाला अधिकारी होता, हार घेऊन आलेला. वाऱ्याची झुळूक आली तसा त्यानं रुमाल काढला. सासूबाई उठल्या, विहिरीच्या पाण्यानं त्याचा पेला स्वतः भरला, आणि तो कधी पितो याची वाट बघत समोर उभ्या राहिल्या.